काळी दोनचे रंगनाथराव

शोकसभेत एक जण म्हणाला, "मराठवाड्याचा कान गेला." मी मागे बायकांत बसले होते. मला हसू आलं, म्हणून मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

सभेत मला कुणी बोला म्हटलं असतं तरी मी बोलले नसते. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण चौथीपर्यंत शाळा झाली आहे, लिहिता येतं. आणि वहीला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून वहीची भीती वाटत नाही.

रंगनाथराव औरादकर हे आमच्या लातूरच्या संगीत नाटक मंडळीचे कलासंचालक. तेच गावातल्या साप्ताहिकाचे संगीत समीक्षक. म्हणजे नाटक बसवायचं त्यांनी, आणि ते कसं झालं हेही लोकांना सांगायचं त्यांनीच. आपणच आमटी करायची आणि आपणच भुरके मारून वा वा म्हणायचं. माणूस मूळचा नांदेडचा, वकिलाच्या घरातला. धोतर कडक इस्त्रीचं, खांद्यावर घडीची शाल, अगदी चैत्राच्या उन्हातसुद्धा. तोंडात लवंग. पण गाणाऱ्यानं लवंग खावी, गळ्याला बरी असते. ऐकणाऱ्यानं कशाला खावी, ते मला कधी कळलं नाही.

आमचं नाट्यमंदिर म्हणजे जिनिंगचं जुनं शेड. शिवमूर्तीअप्पा म्हणून आडतीचे मोठे व्यापारी होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि नाटकाचं वेड. जिनिंग बंद पडल्यावर त्यांनी मशिनी काढून टाकल्या आणि शेड मंडळींना दिलं. पहिली काही वर्षं नायिकेनं जोरात तान घेतली की छपराच्या पत्र्यांतून जुना कापूस खाली यायचा. खेड्यातल्या लोकांना वाटायचं तो खेळातलाच भाग आहे. शेडच्या दाराशी मी शिलाई मशीन घेऊन बसायची. राजाचे झगे, राणीच्या चोळ्या, शेले, सगळं मी शिवलं. प्रयोगाला सुईदोरा घेऊन विंगेत उभी राहायची. त्यामुळे रंगनाथराव मी पाहिले ते कडेनं पाहिले. कडेनं माणूस बराच दिसतो.

आता काळी दोनचं सांगते, कारण तिच्याशिवाय रंगनाथराव सांगताच येत नाहीत. पेटीवर पांढऱ्या पट्ट्या असतात आणि काळ्या असतात. गाणाऱ्याचा गळा ज्या पट्टीवर बसतो, तिथून त्याचा सा धरायचा. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी पाच. पुरुषाचा गळा खालच्या पट्टीत, बाईचा वरच्या. जशी ज्याची उंची तसा त्याचा झगा, इतकं हे सोपं आहे. रंगनाथरावांनी लहानपणी निजामाच्या राज्यात हैदराबादला एका मोठ्या बुवांचं नाटक पाहिलं होतं. ते बुवा काळी दोनमध्ये गायले. झालं. तेव्हापासून जगात गाणं म्हणून जे काही होतं, ते काळी दोनमध्ये. बाकीचं रडणं.

"गाणं हे गळ्याचं काम नव्हे," ते तालमीत सांगायचे, "गाणं हे शिस्तीचं काम आहे. काळी दोन!"

कुणी कसंही गाऊन दाखवलं, की रंगनाथराव डोळे मिटून थोडं थांबायचे, लवंग या गालातून त्या गालात घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीक. पण आम्ही ऐकलंय." समोरचा तिथंच मरायचा. त्यांनी काय ऐकलंय हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझं तर म्हणणं, बुवांची काळी दोनसुद्धा त्यांनी ऐकली नव्हती, पाहिली होती. पेटीवाल्याचं बोट त्या पट्टीवर होतं, ते पोरपणी डोळ्यांत बसलं.

हे मी उगीच म्हणत नाही. ते नेहमी पहिल्या रांगेत डाव्या हाताच्या खुर्चीवर बसायचे. तिथून पेटीवाल्याची बोटं नीट दिसतात. एकदा त्यांच्यापुढं, अगदी पेटीच्या आड, बंदोबस्ताचा जाडजूड पोलीस जमादार खुर्ची टाकून बसला. त्याला उठ कोण म्हणणार? त्या आठवड्याच्या त्यांच्या सदरात छापून आलं, "काल गायकाचा आवाज अस्पष्ट होता. षड्ज दिसेनासा झाला होता." मी ते वाचून दाखवलं तेव्हा आमचे पेटीवाले हुसेनमास्तर मशीनशेजारी बसून चहा पीत होते. चहा त्यांच्या नाकात गेला. "दिसेनासा? या अल्ला," ते म्हणाले, "जमादारच्या ढेरीमागं गेला आसंल."

हुसेनमास्तरांचं घर पिढ्यान् पिढ्यांचं लातूरचं. पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि मंडळींत ते पेटी वाजवायचे. पेटी कुठली सुरात नाही ते त्यांना रस्त्यानं जाता जाता कळायचं. रंगनाथराव त्यांना "मास्तर" म्हणत, पण आवाज "ए टांग्यावाले" म्हटल्यासारखा.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. उदगीरची एक बाई मंडळींत नायिका होती. गळा असा, की पहाटेच्या देवळातली घंटा. ती काळी चारला गायची. रंगनाथरावांनी तिला काळी दोनमध्ये बसवलं. बाईचा सूर खाली खाली ओढून विहिरीत टाकल्यासारखा झाला. ती हात जोडून म्हणायची, "बेडरी साहेब, बेडरी." त्या सीमेवरच्या लोकांच्या बोलण्यात हे असं कानडी येतं, नको म्हणायचं की बेड. रंगनाथरावांना ते कळत होतं, पण त्यांनी सोडलं नाही. सहा महिन्यांत तिचा घसा बसला, तो बसलाच. मग यांनी सदरात लिहिलं, "या गायिकेच्या मंद्र सप्तकात दम नाही." ती उदगीरला निघून गेली. तिच्यासाठी शिवलेली हिरवी चोळी माझ्याकडे तशीच राहिली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कुणाचं नाटक आणि कुणाचं काय. शेडमध्ये सरकारनं दुष्काळात वाटायच्या सुकडीची पोती रचली. मशीनवर धूळ बसली, आणि मीही चारचौघींसारखी औशाच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले. माझ्याबरोबर माझी भाची शकू होती, माझ्या मेलेल्या बहिणीची पोर. तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. आम्ही बायका हातोडीच्या तालावर गाणी म्हणायचो. गाणं म्हटलं की ऊन थोडं कमी लागतं.

एक दिवस जीप आली. साहेब उतरला आणि त्याच्या पाठोपाठ पांढरी छत्री धरून रंगनाथराव. साहेबाचे पाहुणे म्हणून दुष्काळ बघायला आले होते. आम्ही गाणं चालूच ठेवलं. ते उभे राहिले, मान तिरकी केली, आणि साहेबाला म्हणाले, "भाव आहे. पण षड्ज ढळतो आहे. शिवाय हातोडी लयीत नाही."

माझ्याजवळच्या सारजाबाईनं विचारलं, "काय म्हंतोय गं त्यो?"

"षड्ज न्हाई म्हंतोय," मी सांगितलं.

"ते काय आसतंय? रेशनवर मिळतंय का?"

"न्हाई, गान्यातलं आसतंय."

"माय गं! प्यायला पानी न्हाई अन् ह्याला षड्ज पाह्यजे," सारजा मोठ्यानं म्हणाली. "इकडं ये बाबा, घे हातोडी, दाखीव लय!"

बाया हसल्या. रंगनाथरावांनी छत्री जरा खाली घेतली. पण तेवढ्यात शकूनं तीच ओळ एकटीनं उचलली, आणि साहेबसुद्धा जीपमध्ये चढता चढता थांबला. रंगनाथराव म्हणाले, "ह्या मुलीला आवाज आहे. वळण नाही. आम्ही वळण देऊ."

पुढच्या आठवड्यात सदरात आलं: "दुष्काळी कामावरील गायनातील दोष". खरंच असं छापलं होतं.

पोती हलली तशा शेडमध्ये पुन्हा तालमी सुरू झाल्या. रंगनाथरावांनी स्वतःच लिहिलेलं नवं नाटक होतं, त्यात शकूला नायिका करायचं ठरलं. पहिल्याच दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "काळी दोन." शकू गायली. उदगीरच्या बाईचं झालं तेच. खालच्या सुराला गळा घोगरा पडला, डोळ्यांत पाणी आलं. मी विंगेत होते. हातातली सुई बोटात गेली तरी मला कळलं नाही. मला समोर उदगीरची ती बाई दिसत होती. जाऊन सांगावं, साहेब, पोरीचा गळा मारू नका. पण मी विंगेतच राहिले. हुसेनमास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेटीचं झाकण लावलं. "साहेब, पेटी बिगडलीय," ते म्हणाले. "दोन रोज द्या."

दोन दिवसांनी पेटी आली. बाहेरून तीच, आतून वेगळी. एका जुन्या पेटीतला सरकता तक्ता त्यांनी तिच्यात बसवला होता. खुंटी ओढली की पट्ट्यांची सगळी रांग बाजूला सरकते. बोट असतं काळी दोनवर, पण सूर निघतो पांढरी पाचचा. शकूचा गळा पांढरी पाचचा होता. मास्तरांनी मला हे दाखवलं, शकूला दाखवलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. तक्त्याच्या कडेची फट दिसू नये म्हणून मी पेटीला निळ्या मखमलीची झालर शिवली. त्या कारस्थानात माझा एवढाच हात.

तालीम सुरू झाली. रंगनाथराव डाव्या खुर्चीवर. मास्तरांचं बोट काळी दोनवर. शकू गायली आणि छपरातून कापूस पडला.

"बघा!" रंगनाथराव उठून उभे राहिले. "बघा! शिस्त! काळी दोनमध्ये गळा कसा उमलतो बघा!"

तबलजी मात्र कोड्यात पडला होता. त्याला तबला बराच वर चढवावा लागला. ठकठक ठकठक चाललं, तेव्हा रंगनाथरावांनी विचारलं, "हे काय ठोकून राहिलात इतका वेळ?"

"हवा दमट हाय साहेब," मास्तर चटकन म्हणाले. "चामडं उतरून राहिलंय."

बाहेर गावात घागरभर पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या. विहिरींच्या तळाशी भेगा पडल्या होत्या. रंगनाथरावांनी हवेत नाक वर केलं, वास घेतला आणि म्हणाले, "खरंय. जाणवतंय."

असं दहा वर्षं चाललं. दहा वर्षांत एकदाही त्यांना शंका आली नाही. उलट, खडी फोडणाऱ्या पोरीला काळी दोननं गायिका केलं, हे त्यांचं मोठं भाषण झालं. ते घेऊन ते नांदेडला, उदगीरला, कुठं कुठं जायचे. सदरात शकूचं नाव आलं की पुढं कंसात "काळी दोन" असायचं, जसं वकिलाच्या नावापुढं पदवी असते. शकूला ते कधी वाईट बोलले नाहीत, हे मी नाकारत नाही. तालमीला वेळेवर यायचे, कुणाची थट्टा केली नाही, कुणा बाईकडे वाकडं बघितलं नाही. फक्त ऐकलं नाही. बाकी सगळं केलं.

मग लातूर जिल्हा झाला. इतके दिवस कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादला पळायचं, ते सुटलं. गावभर नव्या पाट्या रंगायला लागल्या. सरकारी पाटी रंगायच्या आधी रंगनाथरावांची रंगली: "डायरेक्टर, संगीत नाटक, जिल्हा लातूर". यामुळे एक गंमत झाली. आमच्याकडे डायरेक्टर म्हटलं की माणसाला साखर कारखानाच दिसतो. रोज सकाळी खेड्यातली माणसं त्यांच्या दाराशी येऊन बसायची.

"साहेब, आमच्या उसाला तोड कवा मिळनार?"

"मी नाटकाचा डायरेक्टर आहे!"

"हाव, ते बी बगू. पर ऊस वाळून चाललाय ना साहेब."

शिवमूर्तीअप्पा त्यांना म्हणाले, "रंगनाथराव, पाटी बदला न्हाई तर ऊस तरी तोडा." त्यांनी पाटी बदलली नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडत होतं.

नव्या जिल्ह्यात मुलींची नवी शाळा निघाली, आणि तिथं गाण्याची बाई नेमायची ठरली. एकच जागा. शकूनं अर्ज केला. तिचं तोवर लग्न झालं होतं, कंधारला दिली होती. नवरा ट्रकवर. त्याला गाणारी बायको नको होती, तरी ती प्रयोगापुरती लातूरला यायची. दोन वर्षांत तिला पोरीसकट माझ्या दारात आणून सोडलं. आता त्यानं निरोप धाडला होता: आखाडाच्या आत परत यायचं असेल तर ये, पण गळा बंद ठेवायचा, नाहीतर पोरीला घेऊन जाईन. नाटकं तर जवळजवळ बंदच पडली होती, लोकांना सिनेमाचा नाद लागला होता. नोकरीचा कागद हातात असता तर शकू त्याला सरळ नाही म्हणू शकत होती. नसता, तर कंधार. एवढं सगळं त्या एका जागेवर होतं.

निवड करायला तिघं बसणार होते: शिक्षणखात्याचा एक अधिकारी, शाळेच्या मोठ्या बाई, आणि तज्ज्ञ म्हणून, दुसरं कोण असणार, रंगनाथराव. आम्ही निर्धास्त होतो. आठच दिवसांपूर्वी त्यांनी सदरात शकूवर अर्धं पान लिहिलं होतं. टांग्यात मंडळींची पेटी घातली, हुसेनमास्तर बसले, शकू बसली, मी पेटी धरून बसले. मास्तरांचे हात आता थरथरायचे, पण पेटीवर टेकले की थांबायचे.

शाळेच्या दारात शिपायानं सांगितलं, पेटी बाहेर ठेवा. सगळ्या उमेदवारांना शाळेचीच पेटी. "औरादकर साहेबांची ऑर्डर हाय. शिस्त."

मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. साधी पेटी होती, सरकता तक्ता नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. "बेटी," ते शकूला म्हणाले, "ह्या पेटीत तुजा सूर काळी दोनवर न्हाई निघनार."

 शकूनं पदर खोचला. "मग पांढरी पाच लावा चाचा. लपवून लई दिस झाले."

मी दाराबाहेर बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसले. दार उघडं होतं.

"पट्टी?" रंगनाथरावांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, उत्तर त्यांना माहीतच होतं.

"पांढरी पाच," शकू म्हणाली.

त्यांना वाटलं ती चुकली. "काळी दोन म्हण, बाळ."

"न्हाई सर. पांढरी पाच."

मास्तरांचं बोट पांढऱ्या पट्टीवर गेलं. रंगनाथरावांचे डोळे त्या बोटावर चिकटले ते सुटलेच नाहीत. शकू गायली. दहा वर्षं शेडमध्ये जे पद गायची तेच. तोच सूर, तोच गळा, तसूभर इकडं नाही की तिकडं. वर्गातल्या पोरी खिडकीत गोळा झाल्या. गाणं संपलं तेव्हा शाळेच्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

रंगनाथराव म्हणाले, "फार वाईट वाटतं. पांढरी पाचमुळे आवाज पातळ झाला. सूर उघडे पडले. ही ती मुलगीच नव्हे."

"मला तर छान वाटलं हो," बाई म्हणाल्या.

"वाटणं वेगळं, बाई. आम्ही ऐकलंय. पुढचा उमेदवार बोलवा."

अधिकारी माणूस तरुण होता, गाण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. त्यानं ते आधीच कबूल केलं होतं. त्याच्यासमोर शकूच्या अर्जाला जोडलेलं कात्रण होतं. "साहेब," तो म्हणाला, "हे आठ दिवसांपूर्वीचं तुमचंच आहे. हेच पद, हीच बाई. इथं तुम्ही लिहिलंय, असा सूर शतकात एखादा. आठ दिवसांत एवढं बिघडलं?"

"ते काळी दोनमध्ये होतं," रंगनाथराव म्हणाले.

तेव्हा हुसेनमास्तर उठले. बाहेर आले आणि माझ्या मांडीवरची पेटी उचलायला लागले. त्यांच्यानं ती उचलवेना. मी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती आत नेऊन टेबलावर ठेवली. एवढ्या माणसांपुढं मी कधी गेले नव्हते. मास्तर म्हणाले, "झालर काड." मी दातांनी टाके तोडले आणि मखमल ओढून काढली.

"साहेब," मास्तर रंगनाथरावांना म्हणाले, "दहा साल मी तुमचा गुन्हेगार हाय. आज शिक्षा द्या." त्यांनी काळी दोन दाबली, सूर धरला. मग खुंटी ओढली, तक्ता सरकला, पुन्हा तीच पट्टी दाबली. सूर टणकन वर गेला. "बोट तेच. सूर दुसरा. ही पोरगी दहा साल पांढरी पाचातच गायली. तुमच्यासमोर."

अधिकाऱ्यानं स्वतः बोट ठेवून पाहिलं. खुंटी इकडं, खुंटी तिकडं. त्याला मजा वाटायला लागली. "अरे, हे तर मलाही कळतंय!" तो म्हणाला आणि हसला. खिडकीतल्या पोरीही हसल्या.

रंगनाथरावांच्या गालातली लवंग थांबली.  मग ते म्हणाले, "पेटी नादुरुस्त आहे."

"पेटी नादुरुस्त असेल," बाई म्हणाल्या, "पण मुलीचा गळा दुरुस्त आहे. माझं मत हिलाच." अधिकाऱ्यानं मान डोलावली. बाकीच्या दोघींचं गाणं ऐकून झाल्यावर त्याच दुपारी शकूचं नाव पाटीवर लागलं. शकू पाटीपुढं उभी राहून स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. आज कंधारला काय निरोप धाडायचा ते मी मनात जुळवत होते.

टांगा आला तशी मी पेटी घ्यायला आत गेले. खोलीत रंगनाथराव एकटे होते. त्यांनी मला पाहिलं नाही. ते पेटीपुढं उभे होते. भाता ओढला, काळी दोन दाबली. कान खाली नेला. खुंटी ओढली, पुन्हा दाबली. पुन्हा कान. मग खुंटी परत. असं चार-पाच वेळा केलं. मग पेटीत उंदीर शिरला असावा तसं वाकून फटीतून आत पाहिलं. मागं वळले, तेव्हा मी दिसले.

मला वाटलं रागावतील. मी इतकी वर्षं तिथं कपडे शिवले, त्यांनी माझं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि हळूच विचारलं, "फरक आहे का हो? खरंच?"

या माणसानं आयुष्यात कुणाला विचारलेला हा मी ऐकलेला एकच प्रश्न. क्षणभर मला त्यांची दया आली. मग उदगीरच्या बाईचं "बेडरी, बेडरी" आठवलं.

"हाय साहेब," मी म्हणाले. "लई हाय."

त्यांनी मान हलवली. शाल सारखी केली आणि बाहेर गेले.

माझं बोलणं त्यांच्या आत उतरलं असेल असं मला दोन-तीन दिवस वाटलं. मग आठवड्याचा अंक आला. सदराचं नाव होतं "स्त्रीकंठ आणि पांढरी पाच". लिहिलं होतं, बाईच्या गळ्याला काळी दोन घातक आहे, हे आम्ही दहा वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, आणि म्हणूनच आमच्या मार्गदर्शनाखाली वाद्यात योग्य तो बदल करून घेण्यात आला. हुसेनमास्तरांना मी वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "चला, मंजे गुन्हा माफ." उदगीरच्या बाईचं त्या लेखात कुठं नाव नव्हतं.

त्यानंतर ते भेटेल त्याला पांढरी पाच सांगायला लागले. पुरुषांनासुद्धा. गावातले दोन-तीन भले भजनी लोक त्यांच्या नादी लागून आरतीला किंचाळायला लागले, तेव्हा अप्पांनी हात जोडले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पावसाळ्याच्या तोंडाशी, लातूरच्या स्टँडवर. शकूला शाळेतला पहिला महिना झाला होता, कंधारचा नवरा एकदा येऊन एवढंसं तोंड घेऊन परत गेला होता. नांदेडची गाडी लागली होती. रंगनाथराव मुलाकडे निघाले होते. तिथं त्यांचं भाषणही होतं. पुढं ते तिकडंच राहिले आणि तिकडंच गेले. शकू माझ्याबरोबर होती, तिनं त्यांना पाहिलं आणि सरळ जाऊन वाकून पाया पडली. मला इतका राग आला की मी खांबाकडे तोंड केलं.

"सुखी राहा," ते म्हणाले. "पांढरी पाच सोडू नकोस, बाळ. आम्ही सांगतोय म्हणून."

"न्हाई सोडनार सर," शकू म्हणाली, अगदी खरं वाटेल असं.

ती परत आल्यावर मी म्हटलं, "लाज न्हाई वाटत? त्यानं तर तुला घालवलीच होती."

"घालवली न्हाई ना पर," शकू म्हणाली. "पोरीला घेऊन मी इथं हाय. त्याला काय म्हनायचं ते म्हनू दे की मावशी."

गाडी सुरू झाली. खिडकीत रंगनाथराव दिसले. पुढच्या सीटच्या दांडीवर एक बोट ठेवून ते शेजारच्या माणसाला काहीतरी समजावून सांगत होते. बोट सरकवत होते, पुन्हा जागेवर आणत होते. शेजारचा माणूस खिडकीला डोकं टेकून झोपला होता. त्याच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी होती. ती तेवढी मान तिरकी करून ऐकत होती.